वय ३९, वजन ८६ किलो, आयुष्यात कधी पळाले नाही आणि लोक बघतील याची लाज वाटते. पळायला सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की दिवसभर खुर्चीवरचं काम आहे, दोनदा सुरुवात करून दोन्ही वेळा आठवड्याच्या आत सोडून दिलं, आणि मैदानावर लोक आपल्याकडेच बघतायत असं वाटून पाय उचलत नाही. सहा वर्षांपूर्वी मी अगदी इथेच उभी होते. वय ४२, वजन ८४, बँकेतली नोकरी, दोन बाळंतपणं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. हळू पळा. तुमच्या मनात आत्ता जो ‘हळू’चा अंदाज असेल, त्याच्या निम्म्याने हळू.

मला हे कळायला दीड महिना लागला. कोणी बघू नये म्हणून मी पहाटे पाचला कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर जायचे. अंगात सलवार-कमीज, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, पायात मुलीचे शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या रस्त्याने रोज एक दूधवाला मोटारसायकलवरून जायचा. मागून त्याच्या गाडीचा आवाज आला, हँडलला लावलेल्या किटल्यांचा खडखडाट ऐकू आला, की मी एकदम वेग वाढवायचे. पाठ ताठ, हात जोरात. तो पुढच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत तसंच पळायचे आणि मग विजेच्या खांबाला धरून उभी राहायचे. कानात ठोके, तोंड कोरडं, डोळ्यांपुढे काजवे. दहा-बारा मिनिटांत घरी परत. ‘आपल्याला पळणं जमणारं नाही’ हे मी स्वतःला रोज असं पटवत होते.

जमत नव्हतं ते पळणं नव्हतंच. लाज वाटायची म्हणून मी वेगात पळायचे. वेगात पळायचे म्हणून दम लागायचा, दम लागला की थांबावं लागायचं, आणि थांबलं की आणखी लाज. तुमचे दोन्ही प्रयत्न आठवून बघा. पहिल्या मिनिटाला तुम्ही किती जोरात होतात? माझी खात्री आहे की तुम्ही सोडलंत ते आळसाने नाही.

मागच्या रस्त्यावर एकदा कुत्री अंगावर आली, म्हणून नाइलाजाने मी गोल्फ क्लब मैदानावर गेले. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आणि भोवती जॉगिंग ट्रॅक आहे. तिथे जायची मला भीती वाटायची. नाशिक धावपटूंचं शहर. सावरपाड्याची कविता राऊत इथेच सराव करून २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक घेऊन आली. अशा ठिकाणी आपण काय पळायचं, असं वाटायचं. तिथे रोज चालायला येणाऱ्या एक निवृत्त क्रीडाशिक्षिका होत्या. चार-पाच दिवस त्यांनी माझं पळणं आणि थांबणं पाहिलं असावं. एके दिवशी शेजारी येऊन म्हणाल्या, “अगं, बाराचा पाढा येतो का? मग मोठ्याने म्हणत पळ बघू.” बारा एके बारा, बारा दुणे चोवीस, आणि तिसऱ्यालाच माझा श्वास अडकला. “मग हळू कर. पाढा संपेपर्यंत श्वास पुरला पाहिजे, तोच तुझा वेग.” मी हळू केलं, आणखी हळू केलं. इतकं की बाजूने झपाझप चालणारे एक आजोबा माझ्या पुढे निघून गेले. पण बारा दाहे वीसाशे झालं तरी मी पळतच होते.

माझ्या मते नव्याने पळणाऱ्याला एवढी एकच कसोटी पुरे. घड्याळ नको, अॅप नको. बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. चालण्यापेक्षा सावकाश पळणं हेसुद्धा पळणंच असतं, कारण दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटतात. पाऊल आखूड टाका आणि ते शरीराच्या खालीच पडू द्या. लांब ढांगा टाकल्या की टाच पुढे आपटते आणि तो दणका नडगीला आणि गुडघ्याला बसतो. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. आपल्यासारख्या वजनाला हा हिशोब फार महत्त्वाचा आहे.

आता किती पळायचं. जोश क्लार्क नावाच्या एका अमेरिकन तरुणाने १९९६ साली पन्नाशीतल्या आपल्या आईला पळतं करायला एक नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आखला. तो आज ‘काउच टू फाइव्ह के’, म्हणजे सोफ्यापासून पाच किलोमीटरपर्यंत, या नावाने जगभर वापरतात. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग एक मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं, असं आलटून-पालटून वीस मिनिटं. पुढे पळणं हळूहळू वाढत जातं आणि नवव्या आठवड्यात सलग अर्धा तास पळायचं. मी घड्याळाऐवजी खांब धरले होते: दोन खांब पळायचं, तीन खांब चालायचं. ज्याला जे सोपं वाटेल ते.

मला नऊ आठवड्यांचे सतरा लागले. चौथा आठवडा मी तीनदा केला. पाचव्या आठवड्याच्या शेवटी एकदम सलग वीस मिनिटं पळायला सांगितलंय. ते वाचून मी पंधरा दिवस पुढे सरकलेच नाही. एखादा आठवडा पुन्हा करावा लागला तर सरळ करा. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडं आणि स्नायूबंध मात्र सावकाश तयार होतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दम पुरायला लागतो, उत्साह येतो, माणूस रोज पळायला लागतो आणि नडगी धरते. मीही तेच केलं आणि तीन आठवडे घरी बसले. म्हणून मधला विश्रांतीचा दिवस सोडू नका. सिमेंटच्या रस्त्यापेक्षा मातीचा ट्रॅक मिळाला तर उत्तम.

यापुढचं खास बायकांसाठी लिहिते, कारण मला हे कोणीही सांगितलं नव्हतं.

आधी हिमोग्लोबिन तपासा. सतत दम लागतो, जिना चढताना धाप लागते, याचं कारण मी वजन समजत होते. तपासणीत हिमोग्लोबिन ९.१ निघालं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं, म्हणजे निम्म्याहून जास्त. रक्तात प्राणवायू वाहून नेणाराच कमी असेल तर इच्छाशक्ती काय करणार? डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मी तीन महिने घेतल्या. गोळीवर लगेच चहा पीत नव्हते, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. पळण्यातला फरक मला स्पष्ट जाणवला. रक्त तपासायला जाल तेव्हा रक्तदाब आणि साखरही बघून घ्या. घरात कोणाला हृदयविकार असेल तर डॉक्टरांना तसं सांगूनच सुरुवात करा. पळताना छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबायचं आणि दवाखान्यात जायचं. तिथे संकोच नको.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण लिहितेच. बाळंतपणानंतर पळताना, शिंकताना थेंब-थेंब लघवी होणं खूप जणींना होतं. मला होत होतं आणि माझ्या लाजेतला मोठा वाटा त्याचा होता. मी ते नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. हा काही जन्माचा भोग नाही. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात ते सैल पडलेले असतात आणि व्यायामाने ते बळकट होतात. स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्ट बाई ते नीट शिकवतात. मी तीन महिने रोज केले. तोवर पॅड लावून पळत होते आणि गडद रंगाची पँट घालत होते.

कपड्यांचं म्हणाल तर चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा आधी घ्या, बाकी सगळं नंतर. दुकानात घालून बघा आणि तिथेच चार उड्या मारून बघा. मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात, त्यासाठी गुडघ्यापर्यंतची चिकटून बसणारी पँट आणि आत व्हॅसलीन. वरून कुर्ता घातला तरी चालतो, मी वर्षभर कुर्त्यातच पळाले. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या, नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवे होते म्हणून. त्यांचं नाव घेतलं की मला अजून भरून येतं. पण अनवाणी पळणं ही त्यांची परिस्थिती होती, आपण बूट घ्यावेत. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. महागच घ्यायला हवेत असं नाही, पण ते पळण्याचेच हवेत. कॅनव्हासच्या बुटांनी माझ्या टाचेची सालं काढली होती.

“या वयात पळतेस, गुडघे जातील” हे तुम्हाला सासरी, माहेरी, ऑफिसात, सगळीकडे ऐकायला मिळेल. हौसेने, बेताने पळणाऱ्यांचे चांगले गुडघे पळण्यामुळे झिजतात असं दिसलेलं नाही. गुडघा आधीपासून दुखत असेल तर मात्र आधी तपासून घ्या आणि दोन महिने नुसतं चाला. भरभर चालणंही थोडंथोडकं नाही.

वजनाकडे सध्या बघू नका असं मी कळकळीने सांगते. पहिल्या चार महिन्यांत माझं जेमतेम दीड किलो उतरलं. तेवढ्यावर मोजलं असतं तर मी तेव्हाच सोडलं असतं. त्याच चार महिन्यांत सकाळी अंथरुणात मोजलेले नाडीचे ठोके ८६ वरून ७२ वर आले होते, रात्री झोप लागायला लागली होती, आणि बँकेचा तिसरा मजला मी बोलत बोलत चढत होते. नाडी मोजा. दर रविवारी, उठल्या उठल्या, पूर्ण एक मिनिट.

आता लोकांबद्दल. बघतात का? हो, बघतात. एक-दोनदा पोरं हसलीसुद्धा, त्याचं त्या दिवशी खूप लागलं आणि मी घरी येऊन रडले. पण मैदानावर रोज येणारे हसत नाहीत. स्पाइक, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट, घालून सराव करणाऱ्या ज्या मुलींची मला धास्ती होती, त्यांतली एक मला ओलांडून जाताना रोज हाताने ‘चला, चला’ अशी खूण करायची. बाहेर गाजर-बिटाचा रस विकणारे दादा मी दोन दिवस दिसले नाही की विचारायचे, “ताई, तब्येत बरी ना?” निर्मनुष्य रस्त्यावर मी लाजेपायी जात होते, आणि तिथे मला सगळ्यात जास्त धोका होता. अंधारात, एकटीने, कानात हेडफोन घालून मुळीच जाऊ नका. जिथे बायका चालायला येतात तिथे जा. आठ दिवसांत चेहरे ओळखीचे होतात, आणि ओळखीच्या चेहऱ्यांसमोर पळायला जड जात नाही.

आता मी आठवड्यातून तीनदा पाच किलोमीटर पळते, ४४-४५ मिनिटं लागतात. पाढा अजून म्हणते, आता मनातल्या मनात.

तुम्ही कुठल्या गावच्या ते लिहिलं नाहीत. नाशिकच्या असाल तर मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे पावणेसहाला गोल्फ क्लबवर या, निळी टोपी घालून सगळ्यात सावकाश पळणारी बाई दिसली की हाक मारा. पहिले दोन आठवडे मी तुमच्याबरोबर पळेन, एक मिनिट पळणं आणि दीड मिनिट चालणं.