व्हय म्हाराजा कोणाला?

प्रश्न : काका, मी देवगडचा, वय 21. वडिलांची बोट आहे. पावसाळी बंदीत बोट वर ओढली की आम्हा पोरांचा सगळा वेळ मोबाइलवरच्या एका शूटिंग गेममध्ये जातो. गेल्या महिन्यात एका स्किनसाठी, म्हणजे गेममधल्या पात्राच्या नव्या पेहरावासाठी, 799 रुपये भरले. पैसे कापले गेले, स्किन आलीच नाही. त्यात नव्या अपडेटपासून गेम मध्येच बंद पडतो. हे मी गेमच्या टेलिग्राम ग्रुपवर लिहिलं, तर सगळे तुटून पडले. 'फुकटचा गेम खेळतोस आणि वर रडतोस', 'डेव्हलपर किती मेहनत घेतात', 'निगेटिव्हिटी पसरवू नको'. अ‍ॅडमिनने म्यूट केलं. शाळेपासूनचे मित्रही गप्प बसले. मी खरंच कटकट्या आहे का? ग्रुप सोडू?

उत्तर : झिला, आधी पैशांचं बघू, कारण त्या ग्रुपात ते कोणालाच सुचलं नाही. गूगल प्लेवरून पैसे भरले असशील तर पावतीच्या ईमेलमध्ये 'जीपीए'ने सुरू होणारा ऑर्डर नंबर असेल. पहिल्या 48 तासांत परतावा थेट गूगलकडे मागता येतो. ती वेळ गेली. आता तो नंबर, बँकेचा मेसेज आणि स्क्रीनशॉट जोडून गेमच्या सपोर्टला लिही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर फोन कर. राहता राहिला 'फुकटचा गेम'. 799 रुपये मोजलेस तेव्हाच तू गिऱ्हाईक झालास.

कणकवलीत स्टँडजवळ माझा सायबर कॅफे होता. पोरं काउंटर-स्ट्राइक खेळायला यायची आणि माऊस अडकला की अख्खा कॅफे डोक्यावर घ्यायची. 'काकांची मेहनत बघा' असं एकही कार्टं कधी म्हणालं नाही. बरंच झालं, नाहीतर मी माऊस बदलले असते होय!

आता कंपन्यांनी गल्ल्यामागे गिऱ्हाइकांनाच उभं केलंय. कोणाला क्रिएटर कोड (तो वापरून कोणी खरेदी केली की त्याला वाटा मिळतो), कोणाला नवा नकाशा चार दिवस आधी, कोणाच्या नावापुढे बिल्ला. त्यांचा ग्रुपातला मान कंपनीच्या मर्जीवर. बाकीच्यांना काहीच मिळत नाही, तरी तेच जास्त चिडतात. त्यांनी त्या गेमात वर्षं आणि पैसे घातलेत; तू गेमला नाव ठेवलंस की त्यांना वाटतं, आपल्यालाच मूर्ख म्हणाला.

देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा गावाची एकेक अडचण देवापुढे मांडली जाते आणि जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तुझ्या ग्रुपात कंपनी बोलते, माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात, आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याला देवळाबाहेर काढतात. ग्रामदेव रवळनाथाला सांगितलेलं चालतं, कंपनीला नाही!

डिसेंबर 2020 मधलं 'सायबरपंक 2077'चं प्रकरण बघ. गेम बाजारात यायच्या आधी एका अमेरिकन पत्रकार बाईने लिहिलं की त्यातल्या एका दृश्यातल्या लुकलुकत्या दिव्यांनी अपस्माराचा झटका येऊ शकतो. तिला स्वतःलाच तो आला होता. कंपनीने तिचे आभार मानले, सूचना टाकली, पुढे ते दृश्यही बदललं. चाहत्यांनी काय केलं? तिला झटका यावा म्हणून मुद्दाम तसेच व्हिडिओ पाठवले. ज्या कंपनीसाठी हे चाललं होतं ती केव्हाच चूक मान्य करून मोकळी झाली होती! गेम 10 डिसेंबरला आला आणि जुन्या प्लेस्टेशनवर (सोनीचं गेम खेळायचं यंत्र) इतका कोसळत होता की आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. ते पैसे बोंब मारणाऱ्यांमुळे मिळाले, 'धीर धरा' म्हणणाऱ्यांमुळे नाही.

मे 2024 मध्ये 'हेलडायव्हर्स 2' पीसीवर खेळणाऱ्यांना प्लेस्टेशनचं खातं जोडायची सक्ती जाहीर झाली. कित्येक देशांत ते खातं उघडताच येत नव्हतं. खेळाडूंनी स्टीमवर, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पाडला, दोन लाखांच्या वर, आणि चार दिवसांच्या आत सोनीने सक्ती मागे घेतली. हे लोक काही गेमचे वैरी नव्हते. रोज रात्री तोच खेळत होते.

मात्र 2016 मध्ये 'नो मॅन्स स्काय' हा गेम लांबणीवर पडला म्हणून तो बनवणाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या देणारेही होतेच. तसल्यांना म्यूट नाही, पोलिसात द्यायला हवं. तू शिवी दिली असशील तर माफी माग. तुझ्या पत्रावरून तसं वाटत नाही.

ग्रुप इतक्यात सोडू नकोस. म्यूट उठल्यावर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि नेमकं काय करताना गेम बंद पडतो एवढंच लिही, सपोर्टलाही तेच पाठव. 'नवीन फोन घे' म्हणणाऱ्याला उत्तर देऊ नकोस. पैसे तो देणार नाही. मित्रांना मात्र ग्रुपवर विचारू नको, आनंदवाडीला जेटीवर गाठ. माझा अंदाज, त्यांतल्या एकदोघांचे पैसेही असेच अडकलेत आणि तुझी गत बघून ते गप्प आहेत. असतील तर त्यांचेही ऑर्डर नंबर घे.