वाचकांचे प्रश्न : युद्धाची झळ लागलेल्यांच्या मनाचा अभ्यास

प्रश्न : मी एम.एस.डब्ल्यू.ला आहे. सोलापूर जिल्ह्यातले माजी सैनिक आणि वीरपत्नी यांच्या मानसिक आरोग्यावर प्रबंध करायचाय. ‘पीसीएल-५’ ही आघातोत्तर ताणाची (मोठ्या धक्क्यानंतर मनावर राहणाऱ्या ताणाची) प्रश्नावली मराठीत करून ३०० जणांकडून भरून घ्यावी म्हणते. चालेल का?
– विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : प्रश्नावली चांगली आहे, पण सुरुवात तिच्यापासून नको. तिच्यात २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण. बेरीज ३१-३३ च्या पुढे गेली की आघातोत्तर ताणाची शंका घ्यायची; निदान मनोविकारतज्ज्ञच करतो. दारूचं ती विचारत नाही, त्यासाठी १० प्रश्नांची ‘ऑडिट’ वेगळी घ्या.

आधी आठ-दहा जणांशी मोकळेपणी बोला. पेन्शन, शेती, मुलांचं शिक्षण इथून सुरू करून झोपेवर या, लढाईवर सगळ्यात शेवटी. भाषांतर दोघांनी स्वतंत्रपणे करावं, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत आणावं. अक्कलकोटकडे कन्नड, शहराच्या पूर्व भागात तेलुगू लागेल. घरात तेलुगू बोलणाऱ्या प्रत्येकाला ती लिपी वाचता येतेच असं नाही, तेव्हा प्रश्न वाचूनच दाखवा.

३०० चा आग्रह सोडा. प्रमाण किती हे आधी माहीत नसेल, तर ५ टक्क्यांच्या चुकीपर्यंत मोजायला ३८४ जण लागतात, तेही यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. जागतिक आरोग्य संघटनेचा २२ टक्क्यांचा अंदाज फक्त आघातोत्तर ताणाचा नाही, सगळे मानसिक विकार धरून आहे; तोही संघर्षग्रस्त भागात राहणाऱ्यांचा आहे, निवृत्त होऊन बार्शी-माढ्यात शेती करणाऱ्यांचा नव्हे. एकटीने करायचं तर १५-२० सखोल मुलाखती कितीतरी जास्त सांगून जातील.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत जरूर घ्या, पण मुलाखत तिथे नको. उत्तरांचा पेन्शनशी संबंध आहे असं वाटलं की कुणी त्रास लपवतं, कुणी वाढवून सांगतं. संबंध नाही, हे संमतीपत्राच्या पहिल्याच ओळीत लिहा. वीरपत्नीशी सासू-दिरासमोर बोलू नका. पैशावरून घरात वाद असेल तर ती गप्पच बसेल. २६ जुलैच्या, म्हणजे कारगिल विजय दिनाच्या, आसपासचे दिवसही टाळा. सत्कार-भाषणांनी दुःख वर आलेलं असतं, मोजमाप त्या आठवड्याचं होतं.

गावाचं नाव आणि वीरमरणाचं साल एकत्र छापू नका. गावात वीरपत्नी बहुधा एकच असते, नाव न लिहिताही ती ओळखू येते.

सगळ्यात महत्त्वाचं, ‘पीएचक्यू-९’ ही नैराश्याची प्रश्नावली वापरणार असाल तर नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल आहे. त्याचं उत्तर तिथून उठायच्या आधी बघा. महिन्याभराने संगणकात आकडे भरताना कळून उपयोग नाही. सिव्हिलच्या मनोविकार विभागाशी आधीच बोलून ठेवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येकाच्या हाती द्या. नैतिकता समितीची मंजुरी मिळेपर्यंत एकही मुलाखत नको.

प्रश्न : वडील कारगिलला होते. अशा अभ्यासात जुनं उकरून त्यांना त्रास होईल का?
– वाचक, बार्शी

उत्तर : बोलताना डोळे भरून येतील, त्या रात्री झोप उडू शकते. बहुतेकांचा हा त्रास थोड्या काळात ओसरतो आणि बोलल्याचा पश्चात्ताप होत नाही. मात्र हो-नाही त्यांनी स्वतः ठरवावं, तुम्ही नव्हे. मध्येच थांबायची मुभा आहे का, हे संशोधकाला त्यांच्यादेखत विचारा. सध्या दारू वाढली असेल किंवा मरणाचे विचार बोलून दाखवत असतील, तर अभ्यास राहू द्या. आधी डॉक्टरांकडे न्या.