चेनला तेल घालण्याआधी

गिअरची सायकल घेतलीस, छान. पण चेन करकरली की वरून तेल ओतायची सवय लावून घेऊ नकोस. धूळ आणि तेल मिळून जो काळा राप होतो, तो पॉलिश पेपरसारखा दाते खातो.

आधी सुक्या फडक्यात चेन धरून पेडल उलटं फिरव. मग वाटीत थोडं डिझेल (पेट्रोल अजिबात नको, भडका उडतो) आणि जुना टूथब्रश घेऊन चेन चारी बाजूंनी घास. मागच्या डिरेलरच्या (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) दोन छोट्या चाकांवरचा थर स्क्रू ड्रायव्हरनं खरवड. तिकडे कुणी बघतच नाही. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क झाकून ठेव, तेल लागलं की ब्रेक धरत नाही. चेन पूर्ण वाळू दे.

तेल प्रत्येक रोलरवर (चेनीच्या कड्यांमधली फिरणारी छोटी नळी) एकच थेंब. जरा मुरलं की बाहेरचं सगळं पुसून काढ. पावसात भिजून आलास तर त्याच दिवशी पूस, गंज रात्रीतही धरतो.

अधूनमधून फूटपट्टी लाव. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या 24व्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनीत बरोबर 12 इंच भरतात. इंचाच्या सोळाव्या भागाएवढं वाढलं की चेन बदल, नाहीतर कॅसेटही (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) बदलावी लागेल.