गिस्कार्डनं पृथ्वी का बुडू दिली?

प्रश्न : आयझॅक असिमोव्हची ‘रोबोट्स अँड एम्पायर’ मित्रानं दिली म्हणून वाचली, पण शेवट काही पचला नाही. माणसाला इजा करायची नाही हा रोबोटांचा पहिला नियम ना? मग गिस्कार्ड हा रोबोट समोर उभा राहून पृथ्वी किरणोत्सारी कशी होऊ देतो? की लेखकानंच चीटिंग केलीय?

उत्तर : थोडी केलीय, खोटं कशाला बोलू. 1950 च्या ‘पेबल इन द स्काय’ या आकाशगंगेतल्या साम्राज्याच्या कादंबरीत त्यानं पृथ्वी किरणोत्सारी दाखवून ठेवली होती, मग 1985 मध्ये रोबोटांच्या गोष्टी न् साम्राज्याच्या गोष्टी एकमेकींना जोडायला बसल्यावर ते भोक बुजवणं आलंच. पण बुजवलंय मात्र भारी.

कसंय, 1942 च्या ‘रनअराउंड’ कथेतले ते तीन नियम एकेका माणसापुरते. गिस्कार्डचा सोबती रोबोट डॅनील, त्याला वाटतं त्यांच्याही वर एक नियम हवा, अख्ख्या मानवजातीला इजा होता कामा नये असा, तोच झीरोथ लॉ. ऐकायला झकास, पण माणूस समोर दिसतो हो, मानवजात कुठे दिसते? पृथ्वीच्या वाईटावर टपलेल्या दोघांपैकी अमादिरोला ती झटपट संपवायचीय, मँडॅमसला सावकाश, दीडशे वर्षांत. गिस्कार्ड अमादिरोच्या डोक्यात ढवळाढवळ करून त्याला अडवतो आणि मँडॅमसला पृथ्वी किरणोत्सारी करणारं मशीन चालू करू देतो, का तर पृथ्वीला चिकटून बसलेली माणसं हळूहळू उठतील न् आकाशगंगाभर पसरतील असा हिशोब. तो हिशोब बरोबर होता का याची खात्री त्याला देणार कोण? त्याचा मेंदू तेच झेपत नाही म्हणून बंद पडतो. नियमात नीट बसलं असतं तर तो जगला असता की!

मला तर सोलारिया ग्रहाचा भाग जास्त हादरवून गेला. तिथले रोबोट माणूस ओळखतात उच्चारावरून, सोलारियन बोललात तर माणूस, नाहीतर बिनदिक्कत मारतात, आणि पहिला नियम कागदोपत्री शाबूत!

बाकी, मालिकेतलं चौथं पुस्तक आधी हातात देणारा तुमचा मित्र थोरच आहे. ‘केव्ह्ज ऑफ स्टील’ (1954) पासून सुरू करा, मग ‘नेकेड सन’, तिथेच सोलारिया पहिल्यांदा भेटते, मग ‘रोबोट्स ऑफ डॉन’. या तिन्ही पुस्तकांचा नायक डिटेक्टिव्ह बेली तुम्ही वाचलेल्या पुस्तकात कधीचाच वारलेला आहे, तरी डॅनील सारखी त्याचीच आठवण का काढतो ते त्याशिवाय कळायचं नाही.