पळणाऱ्यांचे प्रश्न: टेबल आहे, पाणी नाही, ऊन डोक्यावर

या महिन्यात पत्रांचा ढीग आलाय आणि बहुतेक सगळी रागावलेली आहेत. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात रागावलेलं आधी घेते.

प्रश्न: ताई नमस्कार, राग काढायला लिहितोय असंच समजा. वय ४६, वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो, दिवाळीपासून पहाटे पाचला उठून कमाटीबाग ते अकोटा, रविवारी लांबची रन, सगळं नीट केलं, ३२ किलोमीटरसुद्धा आरामात झाले होते आणि सव्वाचार तासांचं टार्गेट अगदी हातात आल्यासारखं वाटत होतं. मग फेब्रुवारीत समुद्राकाठच्या एका मोठ्या शहरात फुल मॅरेथॉनला, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरला, गेलो. सुरुवातीला गर्दी एवढी की पहिले काही किलोमीटर नुसती माणसं चुकवत पळालो, २५ नंतर बफारा, म्हणजे दमट उकाडा, असा सुरू झाला की टीशर्ट पिळून घ्यावा, आणि ३० किलोमीटरच्या पुढे पाण्याच्या दोन टेबलांवर पाणीच नाही, रिकामे खोके पडलेले आणि व्हॉलंटियर पोरं म्हणतायत, अंकल नेक्स्ट टेबल, नेक्स्ट टेबल. चालत-पळत साडेपाच तास लागले. वर माझं घड्याळ ४२.९ किलोमीटर दाखवतंय, म्हणजे जास्तीचं पळवलं ते वेगळंच! फी, ट्रेन, हॉटेल मिळून केवढ्याला पडलं ते बायकोला अजून सांगितलेलं नाही. उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, दोन दिवस गच्चीवर पतंग उडवत उन्हात होतो, त्यामुळे गरमीची सवय नव्हती असंही नाही. आता सांगा, मी कमी पडलो की त्यांनी गंडवलं?

उत्तर: पाण्याच्या बाबतीत त्यांनी गंडवलं, वेळेच्या बाबतीत हवेनं. तुम्ही कमी पडलात असं मला वाटत नाही, पण वडोदऱ्याच्या थंडीत ठरवलेलं टार्गेट तुम्ही तसंच उचलून तिकडे नेलंत आणि गोची तिथेच झाली.

असं बघा, पळताना शरीर जेवढी ऊर्जा जाळतं त्यातला साधारण तीन चतुर्थांश भाग नुसती उष्णता होऊन जातो, ती बाहेर टाकायचा मोठा रस्ता म्हणजे घाम, आणि घाम नुसता टपकून काही उपयोग नाही, तो अंगावर वाळला पाहिजे. आपल्याकडे जानेवारीत पहाटे हवा कोरडी, गार, घाम आला कधी आणि वाळला कधी कळतही नाही. समुद्राकाठी हवेतच एवढी ओल असते की तो वाळतच नाही, टीशर्ट ओलाचिंब आणि आतून भट्टी चालूच. मग रक्त पायांकडेही पाठवायचं आणि कातडीकडेही पाठवायचं, हृदयाची डबल ड्यूटी, म्हणून त्याच पेसला, म्हणजे त्याच वेगाला, ठोके वाढत जातात आणि २५ किलोमीटरनंतर माणूस बसतो. मॅरेथॉनला चांगली हवा म्हणजे १० अंशांच्या आसपासची, तिथून जसजसं वर जाल तसतशी वेळ वाढणारच, कितीही ट्रेनिंग करा.

उत्तरायणचं म्हणाल तर वाऱ्यावर उभं राहून ढील द्यायची आणि मध्येमध्ये उंधियू-जलेबी, याला गरमीची सवय म्हणत नाहीत हो. सवय व्हायला गरमीत रोज घाम गाळून हलकं पळावं लागतं, साधारण १० ते १४ दिवस. मग रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पुढच्या वेळी रेसच्या आधीचे दोन आठवडे काही रन पहाटे न करता सकाळी दहा-अकराला करा, एकदम सावकाश, आणि बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारून.

आता मला खरं जे बोलायचंय ते. मॅरेथॉनमध्ये ऊन सगळ्यांना सारखं लागत नाही. पहाटे पाचला सुटलेला विजेता सव्वासातच्या आत अंघोळीला मोकळा होतो, त्याला धड ऊन दिसतही नाही, आणि तुमच्या-माझ्यासारखे चार-पाच तासवाले सकाळी दहाला रस्त्यावर असतात, डांबर तापलेलं, सावली गेलेली, आजूबाजूला माणसांची गर्दी त्यामुळे वारासुद्धा लागत नाही. म्हणजे जो हळू त्याला ऊन जास्त, आणि पाणी संपतं तेही त्याच्याच वेळेला, कारण पुढच्यांनी दोन-दोन ग्लास उचललेले असतात, एक प्यायला एक डोक्यावर. आयोजक हिशोब करतात माणशी एक ग्लास असा, गरम दिवशी तो हिशोब पहिल्या तासातच फसतो. हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. शिकागोला ७ ऑक्टोबर २००७ रोजी पारा ३१ अंशांपर्यंत गेला, सुरुवातीच्याच टेबलांवर पाणी कमी पडल्याच्या तक्रारी झाल्या आणि साधारण साडेतीन तासांनी रेसच थांबवली, मागच्या हजारो लोकांना घरी जा म्हणून सांगितलं. लंडनला २०१८ मध्ये पारा फक्त २४ च्या जरा वर गेला, आपल्याला हसू येईल, पण तिथल्या मॅरेथॉनचा तो सगळ्यात गरम दिवस ठरला आणि तिथेही काही टेबलांवरचं पाणी संपलं. एवढे पैसेवाले, एवढे अनुभवी, तरी. म्हणून मी म्हणते की गरम दिवशी पाणी मागच्यांच्या हिशोबानं मांडायला पाहिजे, शेवटच्या दहा किलोमीटरला सगळ्यात जास्त, आणि फी घेताना तुम्ही-आम्ही पुढच्यांएवढेच पैसे भरतो ना? तक्रार जरूर लिहा. किती वाजता, कितव्या किलोमीटरला, असं नेमकं लिहा, "व्यवस्था बेकार होती" एवढंच लिहिलं तर कोणी वाचत नाही.

वेळेची लाज मात्र सोडा. कतारमधल्या दोह्याला २०१९ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये बायकांची मॅरेथॉन चक्क मध्यरात्री ठेवली होती, तरी ३० च्या वर पारा आणि भयंकर दमट हवा, ६८ जणी सुटल्या आणि २८ जणी शेवटपर्यंत पोचल्याच नाहीत. या जगातल्या सगळ्यात भारी बायका! टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन गरमीला घाबरून शेकडो किलोमीटर उत्तरेला साप्पोरोला हलवली, तिथेही बायकांची रेस आदल्या रात्री निर्णय घेऊन सातऐवजी सहाला सुरू केली. त्यापुढे तुमचे साडेपाच तास मला तरी ठीकच वाटतात.

पुढच्या वेळी काय करायचं? सकाळची हवा बघून टार्गेट स्टार्टलाच बदला, ३० व्या किलोमीटरला बदलून उपयोग नसतो तोवर नुकसान झालेलं असतं. नुसता पारा बघू नका, दमटपणा बघा. पेस विसरा, श्वासावर पळा, पहिला अर्धा भाग गप्पा मारता येतील एवढाच. कंबरेच्या पट्ट्यात स्वतःची एक बाटली ठेवा, ओझं वाटतं पण "नेक्स्ट टेबल" ऐकायची वेळ आली की सोनं वाटतं. टेबलाच्या सुरुवातीला सगळे झुंबड करतात, शेवटच्या टोकाला जा, तिथे गर्दी नसते. कागदी ग्लास वरून चिमटून चोच करा आणि प्या, नाहीतर अर्धं नाकात जातं. आणि टेबलाच्या पुढे खाली ग्लासांचा चिखल असतो तिथे घसरायला होतं, बघून पाय टाका.

घड्याळाचं राहिलंच. त्यांनी तुम्हाला जास्त पळवलेलं नाही. ४२.१९५ हे अंतर सगळ्यात जवळच्या लाइननं मोजतात, वळणावर कडेला चिकटून, चाकाला काउंटर लावलेल्या सायकलवरून, आणि कमी पडू नये म्हणून हजारात एक, म्हणजे ४२ मीटर, वरून धरतात. तुम्ही पहिले काही किलोमीटर माणसं चुकवत नागमोडी पळालात, वळणं बाहेरून घेतलीत, पाण्यासाठी रस्ता ओलांडलात, त्यात उंच बिल्डिंगांमध्ये जीपीएस गडबडतं, झाले सातशे मीटर. आणि बायकोला सांगून टाका, कार्डाचं स्टेटमेंट येतंच.

प्रश्न: ताई, मी मांजलपूरहून लिहितेय. आमचे हे गेल्या वर्षी पळायला लागले. आखाड्यातले जुने काका म्हणतात कसरत करताना पाण्याला हात लावायचा नाही, आणि ग्रुपवाले म्हणतात तहान लागायच्या आधी प्या, प्रत्येक टेबलावर प्या. ह्यांनी ग्रुपवाल्यांचं ऐकलं, दिसेल तिथे पाणी प्यायले. रेसनंतर उलट्या, बोटं सुजून अंगठी निघेना, आणि थोडं असंबद्ध बोलत होते. मी घाबरून अजून पाणी दिलं. ऊनच लागलं होतं ना?

उत्तर: अहो, मला तर वाचूनच धस्स झालं. ऊनही असू शकतं पण तुम्ही लिहिलंय त्यावरून मला जास्तीच्या पाण्याचा संशय येतो. घामातून मीठ जातं आणि वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, ते फार खाली गेलं तर मेंदूला सूज येते आणि जीवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये रेस संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यातही धोका जास्त होता तो रेसमध्ये वजन वाढलेल्यांना आणि चार तासांच्या वर पळणाऱ्यांना. म्हणजे इथेही हळू पळणाराच सापडतो, त्याला प्यायला वेळही भरपूर आणि टेबलंही जास्त.

काका चूक आणि ग्रुपवालेही चूक. तहान लागली की प्यायचं, नाही लागली तर टेबल सोडून द्यायचं. एखाद्या लांब रनच्या आधी आणि नंतर वजन करायला सांगा, वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय. मिठाच्या गोळ्या घेऊन वर तेवढंच पाणी प्यायलं तर काही वाचत नाही. आणि रेसच्या दिवशी दुखण्याची गोळी, ब्रुफेन वगैरे, घ्यायची नाही, किडनीवर ताण येतो.

पण एक पक्कं लक्षात ठेवा, माणूस असंबद्ध बोलायला लागला की घरी न्यायचं नाही, पाणी पाजायचं नाही, सरळ मेडिकल टेंट. उष्माघात असेल तर अंगातलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं, आणि पळणाऱ्याची कातडी कोरडीच असेल असं काही नाही, घामानं भिजलेला माणूससुद्धा उष्माघातात असू शकतो. तेव्हा बर्फाच्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसवतात, आधी गार करायचं, मग हॉस्पिटल. टब नसेल तर बर्फ, ओल्या चादरी, अंगावर सतत पाणी आणि जोराचा वारा, ॲम्ब्युलन्सची वाट बघत हातावर हात ठेवून बसायचं नाही.

प्रश्न: फुल मॅरेथॉनचं बिब (छातीवर लावायचा नंबर) माझ्याकडे आहे पण गरमी ऐकून हिंमत होत नाहीये, मित्र तयार आहे. त्याला देऊ का? पैसे तरी वसूल होतील. (कारेलीबाग)

उत्तर: नको. बिबवर तुझं नाव, मागे तुझा ब्लडग्रुप, तुझ्या घरचा फोन. तो उन्हात पडला तर फोन तुझ्या आईला जाणार. काही ठिकाणी पुढच्या वर्षावर ढकलता येतं किंवा फुलचं हाफ करून मिळतं, मेल टाकून विचार. नाहीतर पैसे गेले समज.

प्रश्न: रेसच्या आदल्या रात्री सेव उसळ चालेल का?

उत्तर: पहाटे पाचला टॉयलेटच्या लाइनीत किती माणसं असतात ते तुम्ही पाहिलेलं दिसत नाही. आदल्या रात्री वरणभात, खिचडी, जे पोटाला रोजचं माहितीये तेच. सेव उसळ दुसऱ्या दिवशी खा, तर्री जास्त मारून, मीठ तर गेलेलंच असतं.