दारातली भांडणं

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. थंडी ओसरली की सगळं सोपं होईल असं तुला वाटत होतं, आणि झालं उलटंच. लेक वीस महिन्यांची. बाहेर निघायचं म्हटलं की बुटांवरून रडारड, परत यायचं म्हटलं की बागेच्या फाटकाशी लोळण, आणि रात्री निजायची वेळ टळून गेली तरी डोळे टक्क उघडे. हिवाळाभर शहाण्यासारखी वागणारी मुलगी एकाएकी हट्टी कशी झाली, असं तू विचारतोस.

ती हट्टी झालेली नाही. ऋतू बदलला की एवढ्या लहान मुलाच्या दिवसाची घडीच विस्कटते, आणि त्याचा सगळा ताण तीन जागी येऊन साठतो: घराबाहेर पडताना, घरी परतताना आणि झोपेत शिरताना. दुसऱ्यांची मुलं सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं. या तीन वेळा ज्यांनी निवांतपणे सांभाळल्या, त्यांच्या घरात मधल्या वेळेची फारशी काळजी करावी लागली नाही. पण बहुतेक आई-बाबा मधल्या वेळेचे बेत आखत बसतात आणि दाराशी मात्र घाई करतात. तुझ्या पत्रातही मला तेच दिसलं. बागेत काय काय खेळायचं यावर तू पानभर लिहिलं आहेस. बूट घालायला किती वेळ लागतो, याबद्दल मात्र ‘उगाच वीस मिनिटं जातात’ एवढं एकच वाक्य. त्या वीस मिनिटांबद्दलच मला बोलायचं आहे.

पण आधी झोप, कारण झोप बिघडली की बाकी काहीच धड होत नाही.

उत्तर गोलार्धात २० मार्चच्या आसपास दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात, हे आपण शाळेत शिकलो. दिवसाची लांबी वर्षात सगळ्यात झपाट्याने वाढते तीही याच सुमारास, आणि विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकी ही वाढ जास्त. काही देशांत तर याच दिवसांत घड्याळही तासभर पुढे सरकवतात. मोठ्या माणसाला हे जाणवतही नाही. लहान मुलाला जाणवतं. अंधारून आलं की मेंदूतून मेलाटोनिन नावाचं संप्रेरक पाझरू लागतं आणि शरीराला झोपेची चाहूल लागते. उजेड असला की ते दबून राहतं. लहान मुलांच्या डोळ्यांची बाहुली मोठी असते आणि भिंग अगदी स्वच्छ, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांत उजेड आपल्यापेक्षा जास्त शिरतो. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली तीन ते पाच वर्षांच्या काही मुलांना झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळू दिलं, तर त्यांचं मेलाटोनिन जवळजवळ नव्वद टक्क्यांनी खाली आलं, आणि दिवा मंद केल्यावरही बराच वेळ खालीच राहिलं. मुलं मोजकीच होती, पण ज्याने झोप उडालेलं मूल पाहिलं आहे त्याला हे नवल वाटणार नाही.

म्हणून निजायच्या तासभर आधी पडदे ओढून घे, बाहेर लख्ख उजेड असला तरी. घरातला मोठा दिवा बंद, कोपऱ्यातला छोटा चालू. हात-पाय धुणं, कपडे बदलणं, एक गोष्ट, अंगाई. क्रम रोज तोच ठेव. तिला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. आणि सकाळी उठल्यावर तिला लवकरात लवकर उजेडात ने, कारण शरीराचं घड्याळ लावून द्यायचं काम सकाळचा उजेडच करतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप हवी. एखाद्या रात्रीवरून हिशोब मांडू नकोस, आठवड्याचा मांड. दुपारची झोप संध्याकाळपर्यंत रेंगाळत असेल तर ती आधी अलीकडे ओढ. ती बंद करायची घाई मात्र या वयात नको.

आणि एक गोष्ट जरा स्पष्टच सांगते. तू कामावरून येतोस तेव्हा तिची निजायची वेळ झालेली असते. दिवसभर तू दिसलेला नसतोस, म्हणून तिला उचलून हवेत झेलतोस, ती खिदळते, आणि मग तास-दीड तास झोपत नाही. तुझं प्रेम मला कळतं. पण त्या वेळी तिला हळू आवाजातला बाबा हवा आहे. मांडीवर घेऊन बस, पाठीवर हात फिरव, दिवसभरात काय झालं ते पुटपुटत सांग. दंगा सकाळसाठी राखून ठेव.

आता बूट. रडारडीचं कारण शोधायच्या आधी तिचे पाय बघ. गेल्या थंडीत घेतलेले बूट आता तिला होतात का? १७५९ ते १७७७ या काळात फ्रान्समध्ये गेनो द माँबेयार नावाचा गृहस्थ आपल्या मुलाची उंची जन्मापासून मोजत राहिला. एकाच मुलाच्या वाढीची इतकी सलग नोंद त्याआधीची आपल्याकडे नाही. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँने ती छापली, आणि मूल थंडीपेक्षा उन्हाळ्यात जास्त वेगाने वाढतं हे तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं. पुढच्या मोजमापांतही वसंत आणि उन्हाळ्यात उंची जरा जोमाने वाढताना दिसली. वीस महिन्यांच्या मुलाला ‘बूट चावतो’ असं सांगता येत नाही. ती पाय आखडते, टाच वर करते, बूट फेकते. तिला बूट घालून उभी कर आणि अंगठ्याच्या पुढे तुझ्या अंगठ्याने दाबून बघ. पुढे साधारण बोटभर जागा हवी. नसेल तर भांडण तिथेच मिटलं, नवे बूट आण.

बूट बरोबर असतील तर वेळ दे. जॅकेटची चेन तू खाली अडकवून दे आणि वर ओढायचं काम तिला कर म्हण. ती अर्ध्यावर अडकेल. तिच्या हातावर हात ठेवू नकोस, तो बाजूला ठेव आणि थांब. तिची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर येईल, भुवया जवळ येतील, दोनदा हात निसटेल, आणि मग चेन गळ्याशी पोचली की ती तुझ्याकडे मान वर करून बघेल. तुझी वीस मिनिटं ‘उगाच’ गेली नाहीत ती अशी. तिच्या लेखी फिरायला जाणं तिथेच सुरू झालेलं असतं. ‘बूट घालायचे का?’ असं विचारू नकोस, कारण उत्तर ‘नाही’ येणार आणि ते तुला चालणार नाही. ‘आधी कुठला पाय?’ असं विचार. जॅकेट हवं की नको, यावर मात्र मी वाद घालत नाही. या दिवसांत सकाळी गारठा आणि दुपारी ऊन. कपडे थरांनी घाल, एक थर पिशवीत टाक, आणि तिच्या मानेला हात लावून बघ. मान उबदार असली की ठीक आहे. हात गार लागले म्हणून घाबरू नकोस, लहान मुलांचे हात गारच असतात.

बाहेर पडलात की तू मागे हो. इथे तुला बेत करायचा नाही, आणि हे तुला जड जाणार हे मला माहीत आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांचं मोकळं खेळणं मोजलं. तासाभरात मुलं सरासरी २,३६८ पावलं चालली आणि १७ वेळा पडली. तुझी लेक त्या वयातून नुकतीच पुढे आली आहे. तेव्हा ‘आज फक्त कोपऱ्यापर्यंतच गेलो’ म्हणून तू हळहळतोस ते सोडून दे. कोपऱ्यापर्यंतच्या जागेत तिने भरपूर चालणं केलेलं असतं, फक्त ते सरळ रेषेत नसतं.

ती मुंग्यांच्या रांगेशी उकिडवी बसली की तूही बस. तुझी पाठ दुखेल, तरी बस. ती बोट दाखवते, मुंगीकडे बघते, मग तुझ्याकडे बघते, पुन्हा मुंगीकडे बघते. तू मुंगीकडेच बघतोयस ना, याची ती खात्री करून घेते. अशा वेळी तू ‘मुंगी. मुंगी पान नेतेय’ म्हणालास की तो शब्द तिच्यात मुरतो, कारण तिचं लक्ष आधीच तिथे आहे. त्याच क्षणी ‘ते बघ, तिकडे फूल बघ!’ म्हणालास तर मुंगीही गेली आणि फूलही गेलं. दोन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं निदान पन्नास शब्द बोलतात आणि दोन शब्द जोडू लागतात: ‘मुंगी गेली’, ‘बाबा बस’. ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षा घेऊन ते लवकर येत नाही. तिच्या नजरेमागे तुझी नजर गेली की येतं.

दुसऱ्या मुलांशी ती खेळत नाही, नुसती शेजारी बसून माती उकरते, असं तू काळजीने लिहिलं आहेस. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार नोंदवले, त्यात हा एक आहेच: शेजारी शेजारी, पण आपापला. तिच्या वयाला तो अगदी साजेसा आहे. फावडं दुसऱ्याला द्यायला लावू नकोस. दोन फावडी ने.

काळजीच्या गोष्टी थोडक्यात. हवा बदलली की खिडक्या उघडतात, तेव्हा खिडकीखालचं कोच-टेबल आजच हलव. जाळी डास अडवते, मूल अडवत नाही. बादलीत इंचभरही पाणी ठेवू नकोस. बागेत ती काहीही तोंडात घालेल, आणि शोभेच्या झाडांपैकी काही विषारी असतात. कण्हेरीचे तर सगळेच भाग. ऊन कोवळं वाटलं तरी टोपी हवी. शिंका आणि वाहतं नाक दिसलं की लगेच परागकणांची ॲलर्जी समजू नकोस. इतक्या लहानपणी ती क्वचितच असते, आणि वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे या वयाला नेहमीचं आहे. ॲलर्जीत ताप येत नाही. मनात शंका असेल तर डॉक्टरांना दाखव, पण मनाने औषध देऊ नकोस.

मग परतणं. सगळ्यात अवघड हेच, आणि तुम्ही दोघं इथेच हरता. ‘पाच मिनिटांत निघू’ हे तिला कळत नाही, तिच्याकडे मिनिटं नाहीत. ‘अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी’ असं सांग, आणि दोनदाच कर. तिसरी एकदा दिलीस की उद्यापासून ‘दोनदा’ या शब्दाला अर्थ उरत नाही. निघताना तिच्या हाती काम दे: खडा घरापर्यंत न्यायचा, किल्ली धरायची, कुलपाशी आधी पोचायचं. काही सोडून जाण्यापेक्षा काही घेऊन जाणं मुलांना सोपं जातं.

तरीही ती फाटकाशी अंग टाकेल. तेव्हा लोक बघतात, याची तुला लाज वाटते असं तू लिहिलं आहेस. अमेरिकेत २००३ साली अशा आकांताचा अभ्यास प्रसिद्ध झाला, दीड ते पाच वर्षांच्या तीनशेहून जास्त मुलांचा. चारातले तीन आकांत पाच मिनिटांच्या आत संपलेले होते. पाच मिनिटं तुला पेलतील. तिच्या जवळ खाली बस, तिला कुठे लागणार नाही एवढं बघ, आणि फार बोलू नकोस. त्या वेळी समजावणं तिच्यापर्यंत पोचत नाही. आधी रागाची किंकाळी असते, ती ओसरली की हुंदके येतात. हुंदके आले की तिला कवेत घे. ‘अजून खेळायचं होतं तुला’ एवढं म्हण, आणि उचलून चालू लाग. खिशातला फोन काढू नकोस. तो काम करतो, हे खरं आहे, आणि म्हणूनच नको. उद्या फाटकाशी पोचायच्या आधीच ती तुझ्या खिशाकडे हात करेल.

हे सगळं एकदम जमवायला जाऊ नकोस. तुम्ही दोघंही दमलेले आहात, पत्रातून ते दिसतंच आहे. पहिला आठवडा फक्त झोपेवर घालव. पडदे, मंद दिवा, तोच क्रम. ती लवकर झोपू लागली की संध्याकाळचा तास तुम्हा दोघांना मिळेल, आणि बाकीचं बोलायला डोकं शांत असेल. हे पत्र तुझ्या बायकोलाही वाचायला दे. दिवसभर ती लेकीबरोबर असते, तिला यातलं बरंच पटणार नाही किंवा आधीच ठाऊक असेल. आणि निजवायची पाळी कुठल्या रात्री कोणाची, ते दोघांनी आधीच ठरवून टाका, लेकीसमोर दारात उभं राहून नको.

तुझी,
ताई