मन थाऱ्यावर येण्याबद्दल

प्रिय बेटा,

अस्सलामु अलैकुम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ‘नमाज पढूनही मन शांत होत नाही, म्हणजे माझं इमानच कच्चं आहे का?’ या वाक्यापाशी दर वेळी अडखळले. म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

कुरआनमधल्या सूरह बकरा या अध्यायाची 260 वी आयत काढ. इब्राहीम अलैहिस्सलाम अल्लाहकडे मागणं मागतात की, तू मेलेल्यांना कसं जिवंत करतोस ते मला दाखव. विचारणा होते, ‘तुझा विश्वास नाही का?’ ते म्हणतात, ‘आहे, पण माझ्या मनाचं समाधान व्हावं म्हणून.’ इमान, म्हणजे विश्वास, होतं, तरी इतमिनान, म्हणजे मनाचं समाधान, हवं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि दुसरी मागितली म्हणून इब्राहीम अलैहिस्सलाम यांना कोणी झिडकारलं नाही. ‘अल्लाहच्या स्मरणानेच हृदयांना शांती लाभते’ ही सूरह रअदची आयत तू पत्रात लिहिली आहेस ना, तिथेही मूळ शब्द याच इतमिनानचा आहे. आपण मराठीत म्हणतो, मन थाऱ्यावर येणं. भटकलेलं मन थाऱ्यावर यायला वेळ लागतो, बेटा.

आणि रडू येतं याची लाज कसली? हरवलेल्या मुलाच्या, यूसुफ अलैहिस्सलाम यांच्या विरहात याकूब अलैहिस्सलाम यांचे डोळे पांढरे पडले. घरच्यांनी बोल लावला, तेव्हा ते म्हणाले की मी माझ्या दुःखाचं गाऱ्हाणं फक्त अल्लाहपुढे मांडतो. ‘सब्रुन जमील’, म्हणजे सुंदर सब्र, सुंदर धीर, हे शब्दही त्यांचेच. सब्र म्हणजे ओठ शिवून बसणं असं मी कितीतरी वर्षं समजत होते. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम शेवटचे श्वास घेत होता, तेव्हा त्यांचेही डोळे वाहू लागले. एका साथीदाराला नवल वाटलं. पैगंबरांनी सांगितलं, ही तर दया आहे. डोळे अश्रू ढाळतात, मन दुःखी होतं, पण आमच्या तोंडून तेच निघतं जे आमच्या रबला, पालनकर्त्याला, पसंत आहे.

आई गेली त्या वर्षी माझी नमाज नुसती कवायत झाली होती. आयती तोंडपाठ, मन कुठेच नाही. एका फजरला, पहाटेच्या नमाजेत, सजद्यात गेले आणि ‘सुब्हान रब्बियल आला’ तीनदा म्हणून झाल्यावर उठवेना. कपाळ जानमाजवर टेकलेलं, नाकाशी कापडाचा जुना वास, आणि हळूहळू कपाळाखालचा भाग ओला होत गेलेला. काहीच मागितलं नाही, शब्दच नव्हते. उठले तेव्हा दुःख जागच्या जागी होतं, फक्त ते एकटीने उचललेलं नव्हतं. बंदा सजद्यात आपल्या रबच्या सर्वांत जवळ असतो, ही हदीस, पैगंबरांचं हे वचन, मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी ती कळली.

म्हणून तुला सांगते, सजद्यात घाई करू नकोस. बाकी नफ्ल, म्हणजे ऐच्छिक, इबादतीची मोठी यादी सध्या बाजूला ठेव. थोडं का होईना, पण नेमाने केलेलं काम अल्लाहला सर्वांत प्रिय आहे. रात्री झोपताना 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर. कामाने थकलेल्या लाडक्या लेकीला, फातिमा (रजि.) यांना, पैगंबरांनी हेच शिकवलं होतं. बोटांच्या पेरांवर मोज, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. पैगंबरांच्या एका दुआत ‘हम्म’ आणि ‘हजन’ या दोन्हींपासून पनाह, म्हणजे आसरा, मागितली आहे. पहिली पुढची काळजी, दुसरं झाल्या गोष्टीचं दुःख. तुला रात्री नेमकं कोणतं छळतं, ते ओळखून दुआत त्याचं नाव घे.

आता एक गोष्ट, आणि ही टाळू नकोस. महिनाभर झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं तू लिहिलं आहेस. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, याच आठवड्यात. उपचार घ्या, अल्लाहने रोग दिला तसा त्याचा इलाजही दिला आहे, हे पैगंबरांचंच सांगणं आहे. उंट आधी बांध, मग तवक्कुल कर, म्हणजे अल्लाहवर भरवसा ठेव, हेही त्यांचंच. औषध घेणं म्हणजे उंट बांधणं. यात इमान कमी होतं असं कोणी म्हणालं, तर त्याच्याशी वाद घालत बसू नकोस, आपलं औषध घे. आणि जगणं नकोसं झालेल्या घडीला एकट्याने राहू नकोस. घरातल्या कोणाला तरी उठव, किंवा मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

सूरह दुहा पाठ आहे ना तुला? पैगंबरांना अल्लाहकडून येणारी वही, म्हणजे संदेश, काही काळ थांबली होती, लोक टोमणे मारत होते, त्यानंतर ही सूरह उतरली. ‘तुझ्या रबने तुला सोडलेलं नाही, तो नाराजही झालेला नाही.’ आज इशाच्या, रात्रीच्या, नमाजेत तीच पढ, सावकाश.

डॉक्टरांची वेळ मिळाली की कळव. सोबत कोणी नसेल तर मी येते.

तुझी,
खाला